‘नाही’ म्हणणारी प्रयोगशाळा

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी पेठ तालुक्यातील एका मिशनकेंद्रावर होतो. आषाढातल्या एका संध्याकाळी आवणीहून परतणाऱ्या मुलाला साप चावला. वडिलांनी प्रथम भगताला बोलावले. त्याने मुळी उगाळून पाजली. मी शेजारीच उभा होतो. ‘मुळीने अपाय तर होणार नाही,’ असे मनाशी म्हणत गप्प राहिलो. जीप निघेपर्यंत दोन तास उलटले होते. मुलगा वाटेतच गेला. अंत्यविधीच्या वेळी मी प्रवचन केले. माझ्या मौनाविषयी मात्र एक शब्दही उच्चारला नाही.

त्या रात्री मला जे ठाऊक नव्हते, ते १९३१ सालीच छापले गेले होते, हे पुढे वाचनात आले. डॉ. म्हसकर आणि येशूसंघीय धर्मगुरू फादर कायस यांनी सर्पदंशावर गुणकारी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ३१४ वनस्पती व १८४ मिश्रणे प्रयोगाने पारखली. एकही उपयोगी ठरली नाही! हे काम झाले परळच्या हाफकिन संस्थेत. १८९७ साली प्लेगची लस स्वतःच्या देहावर प्रथम टोचून घेणाऱ्या ज्यू शास्त्रज्ञाचे नाव त्या संस्थेला आहे. त्याने पाया घातला. त्याच छताखाली पुढे एक हिंदू वैद्य आणि एक कॅथलिक धर्मगुरू खांद्याला खांदा लावून राबले.

१८६९ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आज फादर कायस यांच्या नावाची प्रयोगशाळा आहे. तिच्या कामात विज्ञानाच्या निरनिराळ्या शाखा एकत्र येतात. महागडी उपकरणे प्रत्येक विभागाने वेगळी घ्यावीत, ही ऐपत फारच थोड्या संस्थांची असते. म्हणून गावाच्या पाणवठ्यासारखी प्रयोगशाळाही सामायिक असावी लागते.

आमच्या धर्मग्रामातील एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला विचारले, “फादर, गोरगरिबांना औषधे द्यायची सोडून यंत्रांवर पैसा कशाला?” प्रश्न रास्त होता. मी त्यांना पेठची ती रात्र सांगितली. औषध देणारा हात दयाळू असतो. पण ते औषध खरे की खोटे, हे कोणीतरी आधी तपासलेले असावे लागते. आणि तपासलेले ज्ञान पाड्यापर्यंत पोहोचवणारा माणूसही हवा असतो. तिथे मी उणा पडलो.

घटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा अधिकार दिला आहे. तो केवळ आपली कुंपणे राखण्यासाठी आहे काय? आपल्या प्रयोगशाळेचे दार शेजारच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही उघडे असावे, तरच त्या अधिकाराचे चीज होईल.

आता पावसाळा लागला, की मिस्सा संपताना मी न चुकता सांगतो : साप चावला तर मुळी नको, चिरा नको, थेट दवाखाना गाठा, प्रतिविष घ्या. त्या मुलाचे ऋण मी एवढ्यानेच थोडेथोडे फेडत आहे.