फुलसावंगीचा हिवाळा आणि शेवंती

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीच्या नावातच फूल आहे. भोवताली कापसाची काळी जमीन आणि दक्षिणेकडे पैनगंगेचे खोरे. दिवाळी सरता सरता पऱ्हाटी पांढरी होते आणि सकाळी दुकान उघडणाऱ्याच्या खांद्यावर शाल दिसू लागते. थंडी मात्र पहाटेपुरतीच बोचते. दुपारचे ऊन पुन्हा सावली शोधायला लावते.

अशा गावांतील व्यापारी कुटुंबांची मुले आता दूरदूर पांगली आहेत. इंग्लंडातल्या सुनेने अंगणातल्या बर्फात उमललेल्या हेलेबोरचे छायाचित्र पाठवले, की सासूबाईंना ते फूल आपल्या दारीही हवेसे वाटते. मोह स्वाभाविक आहे. डिसेंबर ते मार्च या काळात, इतर झाडे ओकीबोकी असताना, हे झुडूप फुलते. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती खरे तर निदले असतात. म्हणूनच त्याचे फूल महिना-महिना टिकते.

परंतु एकाच झाडाचा हिवाळा सर्वत्र सारखा नसतो. दक्षिण इंग्लंडच्या सौम्य थंडीत ख्रिसमस रोझ नावाची त्याची जात नाताळाच्या सुमारास फुलू शकते. अमेरिकेच्या उत्तर भागात जमिनीवर बर्फाचा थर असतो, तिथे फूल बर्फ वितळल्यावरच दिसते. अमेरिकेच्याच उष्ण दक्षिणेत हेलेबोरच्या काही संकरित जाती मोठ्या झाडांच्या सावलीत तग धरतात, कारण तिथेही थंडी खरी पडते. फुलसावंगीच्या हिवाळ्यात ती दीर्घ थंडी नाही, आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. पावसाळ्यात काळी माती पाणी धरून ठेवते, आणि हेलेबोरच्या मुळांना साचलेले पाणी मानवत नाही. मोठी रक्कम मोजून रोप मागवणे म्हणजे बुडीत खात्यात ठेव ठेवण्यासारखेच. शिवाय त्याचा प्रत्येक भाग विषारी आहे. काष्टौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या कुटकीला युनानी वैद्यकात ‘खरबके हिंदी’ म्हणतात आणि ‘खरबक’ हे हेलेबोरचे नाव आहे. वनस्पती मात्र निराळ्या. नावाच्या साधर्म्यावर विसंबणे व्यापारातही महागात पडते.

फुलसावंगीच्या हिवाळ्याचे फूल शेवंती. तिला बर्फ नको, लांब रात्र हवी. येथे डिसेंबरची रात्र सुमारे 13 तासांची असते. दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलणे अवलंबून असते हे गार्नर व अ‍ॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये दाखवले. शेवंतीच्या बागायतदारांचा पुढे सारा व्यवहार याच तत्त्वावर उभा राहिला: कळी लांबवायची तर रात्री दिवे, लवकर हवी तर काळ्या कापडाचा अंधार. म्हणूनच दारासमोरच्या प्रखर एलईडी दिव्याखाली ठेवलेली कुंडी हिरवीगार असूनही फुलत नाही, आणि मागच्या अंधाऱ्या परसातली तीच शेवंती पिवळीधमक होते. खताला दोष देण्याआधी कुंडीची जागा पाहावी.

काळ्या मातीत वाळू, मुरूम व कुजलेले शेणखत मिसळून वाफा उंच करावा. जूनमध्ये काश्या, म्हणजे मुळाशी फुटलेली नवी रोपे, लावाव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये शेंडे खुडावेत, म्हणजे झाड पसरट होते. सप्टेंबरच्या मध्यानंतर खुडणे थांबवावे, अन्यथा येऊ घातलेल्या कळ्याच हाती येतील.

फुले आटोपल्यावर झाड चार बोटे ठेवून छाटावे. त्यानंतर फुटणाऱ्या काश्या मेपर्यंत जगवणे हेच येथले खरे कसब आहे. कडुनिंबाच्या सावलीत किंवा ओसरीच्या उत्तरेकडे कुंडी ठेवून सकाळी थोडे पाणी द्यावे. ज्या घरी ही काळजी घेतली जाते, तिथे पुढच्या जूनमध्ये नवे रोप विकत घ्यावे लागत नाही, उलट शेजारच्या घरी दोन काश्या देता येतात.