नवी जाळी

आमच्या दापोलीच्या परसात गवती चहाचे बेट आहे. पूर्वी आम्ही त्याची पाती चहात घालायचो आणि बुडखा फेकून द्यायचो. आता बुडाचा पांढरा, कोवळा भाग जपून ठेवतो. ही सवय लागली २०१८ साली, व्हिएतनाममध्ये.

थोरला मुलगा नोकरीनिमित्त हो ची मिन्ह शहरात होता. आम्ही दोघे महिनाभर त्याच्याकडे राहिलो. खाण्याची काळजी घरूनच सोबत नेली होती. तिथे संध्याकाळी गल्लीगल्लीत कोळशावर मांस भाजल्याचा खमंग वास सुटे, पण ते बहुधा डुकराचे. तांदळाच्या बारीक शेवयांवर, म्हणजे तिकडच्या 'बुन'वर, ते घालून खायची रीत. शेवया पाहून आम्हांला कोकणातले शिरवळे आठवत. वास घ्यायचा आणि पुढे चालू लागायचे, एवढेच हातात होते.

दोन दारे सोडून राहणाऱ्या बाईंनी एक दिवस जेवायला बोलावले. मुलाने त्यांना आधीच सांगितले होते, डुक्कर आणि दारू चालत नाही, मांस हलालच लागते. तरी आमचे मन निवेना. मांस कुठले असेल? रोज ज्या जाळीवर डुक्कर भाजतात, तीच जाळी असेल ना? निघताना आम्ही चपाती-भाजीचा डबा पिशवीत लपवून घेतला.

बाई दारासमोर शेगडी पेटवून बसल्या होत्या. शेजारी कोरी करकरीत जाळी, किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली. त्यांची मुलगी इंग्रजीतून सांगू लागली. आई दोंग यू रस्त्यावरच्या मशिदीत जाऊन चौकशी करून आली होती. दक्षिण भारतातून गेलेल्या मुसलमानांनी १९३५ साली बांधलेली ती मशीद. मुलगा जुम्म्याला तिथेच जाई. तिथे पत्ता मिळाला आणि चाम मुसलमानांच्या वस्तीतून बीफ आले. चाम आम्हा कोकणी मुसलमानांसारखेच शाफई, त्यामुळे कोळंबी आणि माकूल यांचा प्रश्नच नव्हता.

बाईंनी गवती चहाचा बुडखा, लसूण आणि छोटे कांदे खलबत्त्यात बारीक कुटले होते. त्यात मिरपूड, साखर, तेल आणि 'नुओक माम', म्हणजे मासळी मिठात महिनोन् महिने मुरवून काढलेले पाणी. अर्धा किलो मांसाला नुओक माम दोन मोठे चमचे, साखर एक. काप पातळ, मांसाच्या रेषांना आडवे. मांस दोन तास मुरले. कोळंबी आणि माकूल मात्र वीसच मिनिटे, कारण जास्त वेळ खाऱ्यात राहिले की ते पाणी सोडून चिवट होतात. दही नाही, पपई नाही, लिंबूसुद्धा नाही. आमच्या टिक्क्यात मांस मऊ करायचे काम दही-पपई करतात. इथे ते काम सुरीने आधीच केलेले. साखर चटकन करपते, म्हणून बाईंचा चिमटा क्षणभर थांबत नव्हता.

वाडग्यात तळाशी पुदिना, काकडी आणि कोवळा पाला. त्यावर गार शेवया, गरम मांस, कोळंबी, गाजर-मुळ्याचे आंबटगोड लोणचे, भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट. वरून नुओक माममध्ये लिंबू, साखर, पाणी, लसूण आणि मिरची घालून केलेले पाणी. लिंबू आले ते इथे, शेवटी. आम्ही बिस्मिल्लाह म्हटले आणि जेवू लागलो. नव्या जाळीकडे बघवत नव्हते.

तेवढ्यात पिशवी कलंडली आणि डबा घरंगळत बाहेर आला. मुलीने उचलून विचारले, हे काय?

आम्ही एकमेकांकडे पाहिले. "तुमच्यासाठी आणलंय," आम्ही म्हणालो.

बाईंनी डबा उघडला. चपाती उलगडली, तिच्यात जाळीवरचे दोन काप ठेवले, वर पुदिन्याची पाने, गुंडाळी केली आणि सावकाश खाल्ली. मग हसून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी डबा धुऊन परत आला, तो रिकामा नव्हता. आत गवती चहाचे चार बुडखे होते.

आता दापोलीत आम्ही कोंबडी आणि कोळंबी तशीच मुरवतो, शिरवळ्यांवर घालून खातो. घरचे म्हणतात, छान झालेय. बाईंना आमचे ते बोलणे खरे वाटले होते का, हे मात्र आम्ही दोघांनी आजवर एकमेकांना विचारलेले नाही.