वसईची गव्हाण

आमच्या महाविद्यालयात कोणताही समारंभ असो, आभारप्रदर्शन माझ्याकडे असते. गेली सतरा-अठरा वर्षे ही गादी मी चालवीत आलो आहे. अध्यक्ष घड्याळाकडे पाहू लागले, मुले खुर्च्या सरकवू लागली आणि पडद्याआडून कपबशांचा आवाज आला, की मी उठतो आणि मांडववाल्यापासून प्रमुख पाहुण्यांपर्यंत सर्वांचे 'मनःपूर्वक' आभार मानून मोकळा होतो. ते कोणी ऐकत नाही हे मला ठाऊक आहे. आणि माझेही मन त्यात फारसे नसते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मुळात हा शब्द आपल्या घरातला नव्हेच. पानात भाजी वाढणाऱ्या आईला कोणी 'आभारी आहे' म्हणून पाहावे. ती आधी पोराच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघेल. आपण जे काही मानतो ते मुकाट्याने मानतो. शेजारणीचे ताट रिकामे परत करायचे नाही, निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालायची, एवढाच आपला रिवाज. गोव्याचा माणूस तेवढा 'देव बरें करूं' म्हणतो, म्हणजे स्वतः आभार न मानता ते काम परस्पर देवाकडे सोपवतो! असो.

गेल्या डिसेंबरात मी वसईस गेलो तो मात्र कोणाचे आभार मानण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली होती आणि ती मला मिळणार असे सर्वांनी, विशेषतः मी, धरून चाललेले होते. ती मिळाली माझ्याहून सहा वर्षांनी मागून आलेल्या गृहस्थांना. त्यानंतरचे तीन आठवडे मी घरात कोणाशी धड बोललो नव्हतो. इतिहासाचे माझे एक निवृत्त सहकारी दर वर्षी नाताळाला बोलावतात आणि दर वर्षी मी पुढच्या वर्षाचा वायदा करतो. या खेपेस सौभाग्यवतींनीच पिशवी भरून हातात दिली. "दोन दिवस जाऊन या," म्हणाली. तिलाही थोडी विश्रांती हवी असावी.

भाईंदर सुटल्यावर गाडी खाडीवर येते, दोन्हीकडे पाणी पसरते आणि मुंबई मागे पडल्यासारखी वाटते. वसई रोडला उतरल्यावर ती पुन्हा समोर उभी राहते, तेच मजल्यांवर मजले. पण पश्चिमेला रिक्षा पुढे पुढे जाऊ लागली की इमारती विरळ होतात, नारळ दिसू लागतात, मग केळीच्या बागा, विहिरी, आणि निर्मळच्या वाटेवर तर घराघरापुढे कागदाच्या चांदण्या टांगलेल्या. आपल्या आकाशकंदिलाची ही सख्खी मावसबहीणच. महिना-दीड महिन्यापूर्वी आपण उतरवून माळ्यावर टाकलेला कंदील इथे पुन्हा पेटलेला पाहून मला उगीचच चुकल्यासारखे झाले.

वसईचा इतिहास आमच्या स्नेह्यांना तोंडपाठ. 1534 साली गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी ती घेतली. त्या विजयात मिळालेल्या चर्चच्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली प्रचंड घंटा त्यांतलीच. "तुमच्या नाशिककरांना आमची घंटा जागे करते," असे ते मला दर वेळी ऐकवतात. पोर्तुगीज गेले, घंटा गेल्या, पण इथला ख्रिस्ती शेतकरी आपली श्रद्धा आणि आपली मराठी, दोन्ही सांभाळून राहिला. 2020 साली धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, झालेल्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. 2024 च्या जुलैत ते गेले. मी गेलो तो त्यांच्यानंतरचा पहिला नाताळ होता आणि बोलण्यात त्यांचे नाव वारंवार येत होते.

घरात शिरताच डाव्या हाताला गोठ्याचा देखावा मांडलेला होता. डोंगर तागाच्या कापडाचा, गाय-बैल मातीचे, आणि मध्ये एक लाकडी गव्हाण. गव्हाणीत बाळ नव्हते, नुसता भाताचा पेंढा होता. नाताळाच्या आधीचे चार रविवार हा ख्रिस्ती लोकांचा आगमनकाळ. या दिवसांत मिरवायचे कमी, वाट पाहायची अधिक. धर्मगुरूंची वस्त्रेही जांभळी असतात. बाळाची मूर्ती चोवीस तारखेच्या रात्रीच ठेवायची. तोवर घरातल्या मुलांनी एकेक चांगले काम करावे आणि गव्हाणीत एकेक काडी टाकावी, म्हणजे बाळाला मऊ बिछाना होतो. या घरी त्यात थोडी भर पडली आहे. मोठ्यांनीही रोज रात्री एक काडी टाकायची आणि ती कशाबद्दल ते सांगायचे. आजच्या दिवसात काय मिळाले, एवढेच. धाकटी नात हिशेब ठेवते आणि कोणाची काडी चुकली तर सोडत नाही.

मला ते गोड वाटले, पण थोडे बाळबोध वाटले. संध्याकाळी चर्चकडे चालत जाताना मी स्नेह्यांना तसे म्हणालोही. वाडीत असले समाधान सोपे, असे काहीसे माझे बोलणे होते. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या मिस्सेला ग्रीक भाषेत जे नाव आहे त्याचा अर्थच आभार मानणे. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी 'ते देऊम' म्हणून आभाराचे खास स्तोत्रही गातात. तेव्हा शब्दांना तोटा नाही. पण 2021 साली आमच्या आईने काडी टाकली नाही."

त्या वर्षीच्या एप्रिलात करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांचा धाकटा भाऊ गेला. वाडी तोच पाहत असे. अंत्यविधीलाही घरची सारी माणसे जाऊ शकली नाहीत. महिनाही झाला नाही तोच 17 मे रोजी 'तौक्ते' वादळ किनाऱ्याजवळून गेले आणि घडांनी लदलेली केळ एका दुपारात आडवी झाली. केळीला खोड असे नसतेच, नुसते एकावर एक गुंडाळलेले सोपट. घड धरला की ती आधीच वाकलेली असते, वारा फक्त निमित्त. त्या डिसेंबरात रोज रात्री सगळ्यांच्या काड्या पडत आणि आजी हात मांडीवर ठेवून बसून राहत. त्यांना कोणी आग्रह केला नाही. नातीनेसुद्धा नाही.

"मग चोवीस तारखेला उठल्या," स्नेही म्हणाले. "पेंढ्यातून एक काडी घेतली आणि म्हणाल्या, मुलाबद्दल मी आभार मानणार नाही. ते माझे आणि देवाचे भांडण आहे, ते मी वर गेल्यावर बघेन. पण वादळाच्या दुसऱ्या दिवशी कोयते घेऊन नऊ माणसे वाडीत आली. बोलावले नव्हते कोणी. त्यांच्यातले चार जण तर आपल्या चर्चचेही नव्हेत. त्या नऊ जणांची ही काडी."

यावर मी काय बोलणार? संतोष आणि समाधान यांवर मी वर्गात तास घेत आलो आहे. तुकोबा शिकवले आहेत. रेव्हरंड टिळकांना तुकारामांच्या वाटेने ख्रिस्त कसा भेटला, हेही मुलांना सांगितले आहे. संत पौलाने फिलिप्पैकरांना समाधानाविषयी लिहिले ते बंदिवासातून, ही माहिती परीक्षेपुरती माझ्यापाशी आहे. पण भांडण भांडणाच्या जागी ठेवून जमेची बाजू तेवढी चोख मांडणारा असा हिशेब मी पाहिला नव्हता. माझ्या खात्यावर तीन आठवडे एकच रक्कम लिहिलेली होती, आणि तीही खुर्चीची.

मिस्सा आटोपून परतायला रात्र झाली. नातीने बाळाची मूर्ती आणली. ती ठेवण्याआधी आजी माझ्याकडे वळल्या. लाल लुगडे, कानांत सोने, तोंडात एकही दात नाही. त्यांची सामवेदी बोली मला निम्मीच कळली. पण, "मास्तर, तुम्हीपण एक टाका," हे कळले.

काडी हातात घेतली आणि काय सांगावे, माझ्या तोंडून शब्द फुटेना. मांडववाल्यापासून अध्यक्षांपर्यंत कागदाशिवाय आभार मानणारा मी! सगळे थांबले होते. शेवटी म्हणालो, "तीन आठवडे मी घरी उशिरा जातोय. रोज माझे ताट झाकून ठेवलेले असते. त्याबद्दल कोणी मला एक शब्द विचारला नाही." आजींनी मान हलवली. नातीने वहीत काहीतरी लिहिले आणि बाळ गव्हाणीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी निघताना नेवऱ्या आणि फुगे भरलेला स्टीलचा डबा हातात आला. नेवरी म्हणजे आपली करंजीच; फुगे मात्र नावाप्रमाणेच फुगलेले, गोडसर. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी डबा रिकामा केला, घासला आणि फडताळात ठेवला. ताटाची आणि काडीची गोष्ट मी तिला सांगितली नाही. सांगायला गेलो असतो तर तिने कपाळाला हात लावून पाहिला असता.

डबा दहा महिने आमच्याकडेच राहिला. परवा फराळाची तयारी सुरू झाली तेव्हा मी तो काढून ओट्यावर ठेवला आणि म्हणालो, भाऊबीज झाली की मी स्वतः नेऊन देईन, यात चकल्या भर.

"दात नसलेल्या बाईला चकल्या?" ती म्हणाली. "बेसनाचे लाडू भरते."