दहा बाय दहा

आमच्या जठारपेठेतल्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. एक दहा बाय दहा, दुसरी तिच्याहून लहान, आणि पुढे पत्रा टाकलेली गॅलरी. बरीच वर्षं तिथं एक बँकेतले काका राहत होते. त्यांची बदली झाली आणि मे महिन्यात खोल्या रिकाम्या झाल्या. अकोल्यात मे महिन्यात घर बघायला कुणी बाहेर पडत नाही. पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. त्यामुळे लोक घरात बसून, कूलरसमोर, फोनवर खोल्या बघतात.

मी तेव्हा वर्क फ्रॉम होम करत होतो. बाबा म्हणाले, "तुह्याकडं तो मोठा कॅमेरा हाय ना? मंग काढ ना फोटो."

मोठा कॅमेरा म्हणजे कॅननचा 200डी. तो फार मोठा नाही, पण त्याच्यासाठी मी नुकतीच एक सेकंडहँड लेन्स घेतली होती, 10-18 एमएम. तिची थोडी ओळख करून देतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला.

आपल्यातल्या बहुतेकांना परवडणाऱ्या डीएसएलआरमध्ये जो सेन्सर असतो तो जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो. कॅननमध्ये साधारण 22.3 बाय 14.9 मिलिमीटर. याला क्रॉप सेन्सर म्हणतात. लेन्स जे चित्र मागे पाडते त्याचा मधलाच तुकडा तो उचलतो, कडा सोडून देतो. म्हणून कॅमेऱ्यासोबत मिळणारी 18-55 लेन्स 18 वर ठेवली, तरी फुल-फ्रेम कॅमेऱ्यावरच्या 29 एमएमइतकंच दिसतं. घरात फोटो काढताना पाठ भिंतीला टेकते आणि तरी अर्धी खोली बाहेर राहते. यावर उपाय म्हणजे अल्ट्रावाइड. कॅननची या सेन्सरसाठीची 10-22 लेन्स 2004 सालापासून होती, पण ती महाग. 2014 साली त्यांनी 10-18 काढली. अमेरिकेत तिची किंमत 299 डॉलर होती. वजन फक्त 240 ग्रॅम, कॅमेऱ्याला जोडायची कडी धातूची नाही, प्लॅस्टिकची. अॅपर्चर f/4.5 पासून सुरू होतं, म्हणजे अंधारात दमछाक. पण आत इमेज स्टॅबिलायझर आहे, त्यामुळे खोलीसारखी न हलणारी गोष्ट हातात कॅमेरा धरून, अगदी पाव सेकंदाच्या शटरलाही निघू शकते. आणि 10 एमएमवर ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 107 अंश बघते. पोराटोरांच्या बजेटमधली ही लेन्स आहे.

मी वर गेलो, दाराशी पाठ टेकवली आणि 10 वर क्लिक केलं.

फोटो बघून मीच चकित झालो. समोरची खिडकी, दोन्ही बाजूच्या भिंती, कोनाडा, पंखा, पायाजवळच्या फरशीपासून छतापर्यंत सगळं आलं होतं. फरशी तर अशी पसरली होती की वाटावं, इथं पंगत बसेल. बाबांनी चष्मा वर करून फोन जवळ घेतला आणि म्हणाले, "अबे, हे तं मंगल कार्यालय दिसून राह्यलं."

आम्ही हसलो. मी फोटो एका साइटवर टाकले. मोजमाप टाकायचा रकाना होता, पण तो भरणं सक्तीचं नव्हतं. मी तो रिकामा सोडला. विसरलो असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे विसरलो नव्हतो.

दोन दिवसांत बरेच फोन आले. अकोटच्या एका कुटुंबानं न बघताच पाच हजार टोकन पाठवलं. मुलगी बारावी होऊन नीटसाठी रिपीट करणार होती. अकोल्यात क्लासेससाठी आजूबाजूच्या तालुक्यांतून मुलं येतात आणि जूनच्या आत चांगली खोली धरून ठेवावी लागते, म्हणून त्यांना घाई होती. आई मुलीसोबत राहणार होती, वडील शेती बघायला गावी.

ते तिघं सकाळच्या एसटीनं आले. सोबत एक गादी, दोन पिशव्या आणि पुस्तकांचं खोकं. आईनं माठातलं पाणी दिलं. मग आम्ही वर गेलो. मुलीची आई खोलीच्या मधोमध उभी राहिली. तिनं आधी खिडकी बघितली, मग दार, मग परत खिडकी. मग दुसऱ्या खोलीत डोकावून आली.

"काका, फोटोतली खोली हेच व्हय काय?"

बाबा म्हणाले, "हो, हेच."

"मंग दोन पलंग कुठी टाकाचे? अन् हिचा टेबल?"

कुणीच काही बोललं नाही. मुलगी फोन काढून फोटो आणि खोली आळीपाळीनं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपण काहीतरी चुकीचं वाचलं की काय, असा परीक्षेतला भाव होता. मला तो राग असता तर बरं वाटलं असतं.

बाबांनी जागेवर मला सांगितलं, पैसे परत कर. मी केले. जाण्यायेण्याचं भाडंही द्यायला ते खिशात हात घालू लागले, पण त्या माणसानं हात जोडले. गादी पुन्हा रिक्षात चढली. दुपारचे बारा वाजत आले होते आणि त्यांना त्या उन्हात दुसरी खोली शोधायची होती.

रात्री जेवताना मी माझी बाजू मांडली. म्हटलं, बाबा, मी फोटोत काहीच बदललं नाही. एडिट नाही, काही नाही. लेन्सनं जे बघितलं तेच आहे.

बाबा म्हणाले, "फोटो खोटा नाही म्हणतं तू. मंग ते लोक काहून वापस गेले?"

इंजिनीअर माणसाला असा प्रश्न झोपू देत नाही. दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन वर गेलो.

हिशेब साधा आहे. समोरच्या भिंतीपासून नऊ फुटांवर उभं राहून 18 एमएमवर फोटो काढला तर त्या भिंतीच्या अंतरावर साधारण अकरा फूट रुंदी फ्रेममध्ये येते. म्हणजे दहा फुटांची भिंत आणि दोन्हीकडे जेमतेम सहा-सहा इंच. तिथूनच 10 एमएमवर काढला तर वीस फूट रुंदी येते. भिंत काही वीस फुटांची नाही. म्हणून ती फ्रेमच्या मधल्या अर्ध्या भागात जाऊन बसते आणि उरलेल्या अर्ध्यात बाजूच्या भिंती येतात, तुमच्या अगदी कानाजवळून निघून आत धावणाऱ्या. जवळची फरशी अवाढव्य, समोरची खिडकी एवढीशी. आपला मेंदू म्हणतो, खिडकी इतकी लहान दिसतेय म्हणजे ती नक्कीच खूप लांब असणार.

मी दोन्ही फोटो काढले. मग 10 च्या फोटोचा मधला भाग कापून 18 च्या फोटोशेजारी ठेवला. दोन्ही तंतोतंत सारखे. म्हणजे लेन्स वस्तूंना ताणून लांब नेत नाही. कोणती वस्तू किती मोठी दिसणार हे तुम्ही कुठं उभे आहात त्यावर ठरतं, लेन्स फक्त चौकट किती रुंद ते ठरवते. बाबांसमोर मी निर्दोष सुटण्याच्या बेतात होतो.

पण एक हिशेब राहिला होता. असा फोटो डोळ्याला खरा वाटायचा असेल तर तो एका ठरावीक अंतरावरूनच बघावा लागतो. 10 एमएमवर काढलेला फोटो फोनच्या स्क्रीनवर पाच इंच रुंद दिसत असेल, तर ते अंतर येतं सव्वादोन इंच. फोन नाकाला लावून बघितला तर खोली दहा बाय दहाच दिसेल. पण तसं कोण बघतं? आपण फोन हातभर लांब धरतो. लेन्स आपल्या जागी खरी असते, फोटो आपल्या जागी खरा असतो, आणि मधल्या त्या हातभर अंतरात खोली मोठी होते. हे अंतर मला माहीत होतं. निदान खोली फसवी दिसतेय, हे मला आणि बाबांना पहिल्याच मिनिटाला कळलं होतं, म्हणून तर आम्ही हसलो होतो. अकोटच्या त्या मुलीला ते कळायचं काही कारण नव्हतं.

आता तर आपल्या सगळ्यांच्या खिशात अशी लेन्स असते. आयफोनमध्ये 2019 साली 11 सोबत ती आली आणि मग बाकीच्यांनीही 0.5x चं बटण अंगवळणी पाडलं. भाड्याच्या खोल्यांचे फोटो चाळताना मी हल्ली आधी पंखा बघतो. कडेचा पंखा लांबुळका, ताणलेला दिसला की समजायचं, खोली आहे त्याहून मोठी दिसतेय.

मी जाहिरात काढून टाकली आणि नवीन टाकली. पहिल्या ओळीत मोजमाप. फोटो सगळे 18 वर, कॅमेरा चार फुटांवर आणि अगदी सपाट धरून, कारण तो जरा वर-खाली झुकला तरी भिंती तिरप्या होतात. खोलीत आमचाच एक पलंग नेऊन ठेवला, म्हणजे बघणाऱ्याला माप मिळेल. बाबांनी आलेखाच्या वहीवर दोन्ही खोल्यांचा नकाशा पट्टीनं काढून दिला, दार कुठल्या बाजूला उघडतं त्या चंद्रकोरीसकट. त्याचाही फोटो टाकला. यावेळी फोन कमी आले. जूनमध्ये तेल्हाऱ्याकडचा एक मुलगा वडिलांसोबत आला. वडिलांनी टाचेला चवडा लावत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावलं मोजली, नकाशा बघितला आणि म्हणाले, "बराबर हाय."

लेन्स मी रागानं कपाटात टाकली होती. ती बाहेर आली श्रावणात. शेवटच्या सोमवारी अकोल्यात कावड असते. शेकडो मंडळी गांधीग्रामला पूर्णेचं पाणी घेतात आणि रात्रभर चालत जुन्या शहरातल्या राजराजेश्वराला आणतात. खांद्यावर लांबलचक कावडी, त्यांना ओळीनं बांधलेले भरणे, ढोल, आणि "हर्र बोला महादेव". वरचा मुलगाही सोबत आला.

आधी मी कठड्यावर चढून 10 वर फोटो काढले. सगळी माणसं मुंग्यांसारखी आली. सगळं मावलं आणि काहीच दिसलं नाही. लोणारलाही माझं हेच झालं होतं. जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाचं ते विवर मी एका फ्रेममध्ये बसवलं होतं आणि घरी येऊन बघितलं तर परातीत सांडलेलं पाणी.

मग मी खाली उतरलो आणि गर्दीत शिरलो. दोन फुटांवर माणूस असला की 10 एमएमवर तो कमरेपासून वर पूर्ण मावतो आणि त्याच्यामागे अख्खा रस्ता मावतो. फोकसची चिंता फारशी नसते. f/8 वर साधारण दोन फुटांवर फोकस ठेवला की फूटभरापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. पण दोन फुटांवरून गुपचूप फोटो काढता येत नाही. माणूस तुमच्याकडे बघतो. त्याचा घाम, श्वास, खांद्यावरचा कापडाचा घट्टा दिसतो. तुम्ही त्याला मान हलवता, तो हलवतो, मग क्लिक. कडेला चेहरा येऊ द्यायचा नाही, ताणून त्याचा भोपळा होतो. ज्याचा फोटो काढायचा त्याला मधोमध घ्यायचं. ही लेन्स लांबून सगळं गोळा करायला आहे असं मला वाटत होतं. ती जवळ जायला आहे.

दोन-तीन दिवसांनी वरचा मुलगा खाली आला. म्हणाला, "दादा, रूमचा एक फोटो काढून द्या ना. घरी पाठवाचा हाय."

मी कॅमेरा घेऊन वर गेलो. लेन्स सवयीनं 18 वर फिरवली.

तो थोडा घुटमळला. "नाही, म्हणजे... ते मोठं दिसते तसं काढा. आई म्हणते, पोरगं खुराड्यात राह्यते."

मी त्याच्याकडे बघितलं. पुस्तकांची चळत, दोरीवर टॉवेल, कोपऱ्यात डबा. मी त्याला पलंगावर मधोमध बसवलं, दाराला पाठ टेकवली, लेन्स 10 वर नेली आणि फोटो काढला. फरशी पसरली, भिंती धावल्या, खोली ऐसपैस झाली. त्यानं तिथंच उभ्या उभ्या तो घरी पाठवला.

पाच मिनिटांत त्याच्या आईचा फोन आला. त्यानं स्पीकरवर टाकला. खोलीबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

"किती बारीक दिसून राह्यला रे तू," ती म्हणाली. "जेवत नाही काय?"