क्षमेची तालीम



परवा प्रतिक्रमणात ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटलं आणि घरी येताच जावेच्या टोमण्याला तिखट उत्तर देऊन बसले. रात्री जेम्स लॉसन यांच्याविषयी वाचलेलं आठवलं.

हे कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण १९५३ मध्ये आपल्या नागपुरात, हिस्लॉप कॉलेजात आले आणि गांधीजींचा सत्याग्रह समजून घेऊन परतले. तिकडे नॅशव्हिल शहरातल्या दुकानांत कृष्णवर्णीयांना खरेदी करता येई, पण तिथल्याच काउंटरवर बसून खाता येत नसे.

लॉसन यांनी १९५९ मध्ये विद्यार्थ्यांची तालीम घेतली. काहींनी शिव्या द्यायच्या, ढकलायचं, खुर्चीवरून ओढायचं. बाकीच्यांनी हात उगारायचा नाही. फेब्रुवारी १९६० मध्ये ती मुलं खरोखरच काउंटरवर जाऊन बसली. मार खाल्ला, तुरुंगात गेली, पण उलट हात उचलला नाही. १० मे रोजी सहा दुकानांत त्यांना पहिल्यांदा वाढलं गेलं.

क्षमा आपोआप येते, असं मला वाटायचं. तिलाही सामायिकासारखा रोजचा सराव लागतो. माझा आजपासून. आधी जावेला खमावून येते.