मांडी बघा, बाई

मे महिन्यातल्या एका सकाळी मी सर्जाला उचलून गावच्या भुसार दुकानातल्या मोठ्या काट्यावर उभी राहिले. मग त्याला खाली सोडून एकटी उभी राहिले. वजाबाकी आली 16. दुकानदारांनी काटा शून्यावर आणून पुन्हा वजन केलं, तरी सोळाच. दहा महिन्यांचा कुत्रा, खांदा माझ्या गुडघ्याच्या वर वीतभर, आणि वजन सोळा किलो. ज्वारी घ्यायला आलेल्या एका बाई म्हणाल्या, "मास्तरीण बाईंच्या घरचं कुत्रं आणि असं? घालता तरी काय याला?"

मला बोलताच येईना. कारण मी त्याला घालत होते. जे सुचेल ते, जो जे सांगेल ते.

आमच्या घरात यापूर्वी कधी कुत्रा नव्हता. मी हायस्कुलात गणित शिकवते. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या आमच्या गावात कुत्री भरपूर, पण ती वाड्यावस्त्यांवरची, कुणाच्या तरी मेंढरांमागची. आदल्या सप्टेंबरात धाकट्या दिरांनी जतकडून हे दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. आई-बाप दोन्ही कारवान. आपल्याकडे ज्याला कारवान म्हणतात त्यालाच पलीकडे कर्नाटकात मुधोळ म्हणतात. 2005 साली टपाल खात्याने ज्याचं पाच रुपयांचं तिकीट काढलं, तो हाच कुत्रा. लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट आणि वाऱ्यासारखं पळणं. पूर्ण वाढ झाली की वीस ते अठ्ठावीस किलो भरतो, एवढं दिरांनी सांगितलं होतं. माझं सगळं ज्ञान तेवढंच.

पहिले काही महिने तो वाढला, पण उंचीलाच. जानेवारीनंतर तर पाय तेवढे लांबत गेले आणि फासळ्या एकेक करून वर आल्या. सकाळी माळावर सोडला की तासभर मोठमोठी रिंगणं घेत पळायचा. संध्याकाळी पुन्हा तासभर. घरी आला की धापा टाकत फरशीवर आडवा. मी दूध-चपाती कुस्करून पुढे ठेवायची. दिवसाला अर्धा लिटर दूध, चार चपात्या, वर दोन चमचे तूप. सासूबाई म्हणायच्या, "अगं, वाढत्या पोराला तूप कमी पडू देऊ नये." रविवारी मटणाचा रस्सा भाकरीवर ओतून, नळ्या-फासळ्या त्याच ताटात. एप्रिलमध्ये शेजारच्या शेडवरचा बेदाणा तयार झाला तेव्हा शेजाऱ्यांनी मोठ्या प्रेमाने किलोभर आणून दिला. "दुधात भिजवून घाला, महिन्यात अंगावर मांस चढतंय बघा." आमचा हा भाग द्राक्ष-बेदाण्याचा. अशक्त पोराला, बाळंतिणीला, पैलवानाला, सगळ्यांना बेदाणा. कुत्र्याला का नको, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नाही. रोज मूठभर घालायचा असं ठरवलं होतं, पण सर्जा एकेक दाणा जिभेने बाजूला सारून नुसतं दूध प्यायचा. मला वाटलं, नाटकं करतोय.

आणि जितकं जास्त घालावं तितका तो बारीक होत होता. शी पातळ, कधी कधी चिकट, काळपट. मी ती उन्हाळ्यावर ढकलली.

काट्यावर वजन केलं त्याच संध्याकाळी तात्या भेटले. तात्या धनगर आहेत, सत्तरीच्या पुढचे. चाळीस-पन्नास वर्षं त्यांच्या वाड्यावर कारवान आहेत. पूर्वी या कुत्र्यांवर सशाची शिकार चालायची, ती आता कायद्याने बंद आहे आणि तात्यांनीही सोडली आहे, पण कुत्री सोडली नाहीत. मी त्यांना म्हटलं, "तात्या, फासळ्या बघा की हो याच्या."

त्यांनी फासळ्यांकडे पाहिलंच नाही. खाली बसले, सर्जाच्या मागच्या मांडीवर हात ठेवला आणि बोटांनी दाबली. मग पाठीच्या कण्यावरून शेपटापर्यंत हात नेला. मग वरचा ओठ उचलून हिरडी बघितली.

"फासळ्या बघू नगा, बाई. मांडी बघा. ह्ये कुत्रं बारीकच असतंय, त्याचं काय न्हाई. पर ह्याच्या मांडीवर मांस न्हाई. आन् हिरडी बगा, पांढरी पडल्याय. ह्ये बारीक न्हाई, उपाशी हाय. तुमी घालताय त्ये ह्याच्या अंगी लागंना. दुसरंच कोन तरी खातंय."

दुसरंच कुणी तरी खातंय, हे शब्द ऐकून माझ्या पोटात गोळा आला. रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी सर्जाची ताजी शी डबीत घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी ती मिठाच्या दाट पाण्यात कालवून काचपट्टीवर घेतली आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. लांबट गोल, पातळ कवचाची अंडी. अंकुशकृमी. हे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात, म्हणून हिरड्या पांढऱ्या आणि शी काळपट. "जंताचं औषध कधी दिलं होतं, मॅडम?" मी म्हटलं, आणलं तेव्हा, एकदा. मला खरोखर वाटत होतं की ते एकदाच द्यायचं असतं. पिल्लाला सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि पुढे दर तीन महिन्यांनी, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. या जंताच्या अळ्या मातीतून माणसाच्या अनवाणी पायातही शिरतात, हेही कळलं. माझ्या अंगणात शिकवणीची पोरं अनवाणीच बसतात. त्या दिवसापासून मी सर्जाची शी पडल्या पडल्या उचलते.

गोचीडताप नाही ना, हे बघायला रक्त सांगलीला पाठवलं. त्यात काही निघालं नाही. जंताचं औषध वजनावर मोजून दिलं, तीन आठवड्यांनी पुन्हा द्यायचं ठरलं. मग डॉक्टरांनी विचारलं, खायला काय घालता? मी एकेक सांगत गेले. बेदाणा म्हटल्याबरोबर त्यांचं पेन थांबलं.

"किती खाल्ले?"

"खात नाही हो तो. बाजूला काढतो."

"त्यानं बाजूला काढले म्हणून वाचला."

द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. कुठल्या कुत्र्याला किती बाधतील याचा नेम नाही, एखाद्याला मूठभर पुरतात. ज्या गावात दर शेडवर बेदाणा वाळतो तिथे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं. रस्स्याचंही तेच. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. आधीच जंत रक्त पीत होते, आणि दर रविवारी मी वरून कांद्या-लसणाचा रस्सा ओतत होते. शिजवलेली नळी चावली की तिच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात, त्या आतडं फाडू शकतात. आणि दूध? बहुतेक कुत्र्यांना मोठेपणी दुधातली साखर नीट पचत नाही. म्हणजे पातळ शी काही अंशी माझ्या दुधाने होत होती. घरी येऊन मी बेदाण्याची बरणी शेजाऱ्यांना परत दिली आणि का ते सांगितलं. त्यांच्या शेडवर दोन कुत्री आहेत. ते खूप वेळ काही बोलले नाहीत.

डॉक्टरांनी कागदावर एक सूत्र लिहून दिलं होतं. ते माझ्या प्रांतातलं होतं म्हणून मी त्याच्याशी बराच वेळ बसले. कुत्र्याच्या वजनाचा घन करायचा, त्याचं दोनदा वर्गमूळ काढायचं आणि 70 ने गुणायचं. नुसतं पडून राहायला त्याला दिवसाला एवढ्या किलोकॅलरी लागतात. सोळाचा घन 4096. वर्गमूळ 64. पुन्हा वर्गमूळ 8. सत्तर गुणिले आठ, 560. वाढत्या वयाच्या पिल्लाला याच्या निदान दुप्पट, म्हणजे 1120, आणि दोन-दोन तास पळणाऱ्याला त्याहून वर. आता मी काय घालत होते ते मांडलं. आमची तेल लावलेली चपाती धरा 115, चार चपात्यांच्या 460. अर्धा लिटर गाईचं दूध 325. दोन चमचे तूप 90. एकूण 875, आणि त्यातलंही बरंच जंतांनी आणि जुलाबाने नेलेलं. शिवाय वाढत्या पिल्लाच्या खाद्यात, पाणी वगळून, साडेबावीस टक्के तरी प्रथिनं हवीत. गव्हात ती बारा टक्क्यांच्या आसपास असतात. दहा महिन्यांचा पळणारा जीव मी चपातीवर ठेवला होता. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

नवं ताट असं ठरलं. पिल्लांसाठीचं तयार कोरडं खाद्य 200 ग्रॅम, बिनहाडाचं, मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन दीडशे ग्रॅम, वाटीभर मऊ भात, दोन उकडलेली अंडी. साडेबाराशेच्या आसपास. नुसतं चिकन-भात घातलं तर कॅल्शियम कमी पडतं आणि वाढीतली हाडं बिघडतात, म्हणून निम्म्याहून अधिक भार तयार खाद्यावर ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं. हे स्वस्त नाही. मला महिन्याला साडेतीन हजारांच्या घरात जातं, आणि प्रत्येक घराला हे झेपणार नाही याची मला जाणीव आहे. तात्यांच्या वाड्यावरची कुत्री भाकरी-ताकावर आणि कापलेल्या बोकडाच्या उरल्यासुरल्या मांसावर जगतात, आणि त्यांच्या मांड्या भरलेल्या आहेत. पण तात्या जंताचं औषध चुकवत नाहीत. मेंढरांना पाजतात त्या दिवसाच्या आसपासच कुत्र्यांचंही दवाखान्यातून आणतात.

मी घाई केली. जुनं खाणं बंद करून नवं सुरू करायला आठ-दहा दिवस घ्यायला सांगितलं होतं, मी तीन दिवसांत केलं. चौथ्या दिवशी पुन्हा जुलाब. सगळं मागे घेऊन भात आणि थोडं चिकन यावर दोन दिवस ठेवला, मग थोडं थोडं नवं मिसळत गेले. त्यानंतर आठवड्याला एक दशांशापेक्षा जास्त कधी वाढवलं नाही. मेच्या उन्हात तो दुपारी ताटाला तोंडही लावायचा नाही, म्हणून पहाटे साडेपाचला, संध्याकाळी सातला आणि निजायच्या आधी असे तीन भाग केले.

पळणं बंद करू का, असं मी विचारलं होतं. डॉक्टर नाही म्हणाले. मांस पळूनच तयार होतं, नुसतं खाऊन चरबी होते. पण संध्याकाळची फेरी अर्ध्या तासावर आणली. आणि खोल छातीच्या कुत्र्यात भरल्या पोटी उड्या-पळापळ झाली तर पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, त्यात काही तासांत कुत्रा जातो. म्हणून खाण्याच्या आधी आणि नंतर तासभर तो बांधलेला. त्याला ते अजिबात आवडत नाही. रडतो. मी शेजारी बसून वह्या तपासते.

दर रविवारी काटा. पहिल्या दोन आठवड्यांत आकडा हललाच नाही आणि मी फार घाबरले. तिसऱ्या रविवारी 16 किलो 400. सहाव्याला 17 किलो 900. हिरडी आधी गुलाबी झाली, मग केसांना चकाकी आली, मग कण्याचे मणके झाकले गेले. मांडी सगळ्यात शेवटी भरली. बाराव्या आठवड्याला 20 किलो 100.

डॉक्टरांनी एक खूण शिकवली होती, ती मी वर्गातल्या पोरांनाही शिकवली. मूठ वळून बोटांच्या सांध्यांवरून दुसरा हात फिरवायचा. कुत्र्याच्या फासळ्या हाताला तशा लागल्या तर तो फार खाली गेला आहे. हात सरळ करून हाताच्या पाठीवरून बोट फिरवायचं. तशा लागल्या तर ठीक. तळहातासारख्या लागल्या तर चरबी वाढली. मे महिन्यात सर्जाच्या फासळ्या मुठीसारख्या लागत होत्या. आता हाताच्या पाठीसारख्या लागतात. याहून जाड मी त्याला होऊ देणार नाही, कारण या जातीच्या कुत्र्याला वरचं वजन सांध्यांवर ओझं होतं.

परवा त्याच भुसार दुकानात त्याच बाई भेटल्या. सर्जा 22 किलो 300 ग्रॅम भरला. त्याच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "अजून बारीकच दिसतंय की हो." शेवटच्या दोन फासळ्या दिसत होत्या, त्या दिसणारच. मी त्यांचा हात धरून सर्जाच्या मांडीवर ठेवला. त्यांनी दाबून बघितली आणि विचारलं, "आमच्या वस्तीवरच्याला जंताचं औषध कुठनं आणू?"

मी त्यांना दवाखान्याचा वार सांगितला. सर्जाचा पुढचा डोस 14 जानेवारीला आहे. नवं कालनिर्णय आणल्या आणल्या संक्रांतीच्या चौकटीत लिहून ठेवला.