तपकीर गल्ली आणि पोर्टल

आयटीआयचा प्रवेश आता ऑनलाइन होतो; नववी ते बारावीच्या मुलांसाठी २०२० मध्ये महाकरिअर पोर्टलही आलं. पण कोर्सची यादी म्हणजे करिअरचं नियोजन नव्हे. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एमसीबी, तांब्याच्या वायरी, एलईडीचे ड्रायव्हर काउंटरवर मांडलेले असतात. इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड कुठे कामी येतो, ते तिथे उमगतं. नुसत्या ट्रेडच्या नावावरून ते कळत नाही. कुणी म्हणेल, गल्लीपुरतं पाहिलं तर मुलं गल्लीतच अडकतील. खरं आहे, गडचिरोलीच्या मुलीला पुण्यातली अप्रेंटिसशिप पोर्टलच दाखवू शकतं. म्हणूनच ते हवं, आणि भरीव हवं. प्रत्येक ट्रेडसमोर रोजचं काम, स्टायपेंड, डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाची वाट असल्यास ती, हे सारं सोप्या मराठीत लिहा. प्रवेशाचे पर्याय भरण्याआधी मुलांना हे कळलंच पाहिजे.